आंबवल्याने विष मरते का?

‘रस आंबला की फवारणीचे औषधही त्यात मरून जाते, डॉक्टर,’ असे हातावरचे पुरळ दाखवायला आलेल्या एका द्राक्ष बागायतदाराने परवा मला ठामपणे सांगितले. त्याची काही द्राक्षे वाइनसाठी जातात.

हे अर्धेच खरे आहे. मूळ द्राक्षांपेक्षा वाइनमध्ये औषधांचे अवशेष बहुधा कमी सापडतात. पण त्यातले बरेचसे नष्ट झालेले नसतात, वेगळे काढलेले असतात. क्लोरपायरिफॉससारखी पाण्यात जेमतेम विरघळणारी औषधे साल, चोथा आणि तळाशी बसणाऱ्या यीस्टच्या गाळाला चिकटतात. गाळ काढला की वाइन बरीच स्वच्छ होते. सहज विरघळणारी मेटॅलॅक्सिल, डायमेथोएट ही औषधे मात्र रसाबरोबर बाटलीपर्यंत पोहोचू शकतात. शिवाय पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आधी पिळून साल बाजूला करतात आणि लाल वाइन सालीसकट आंबवतात, त्यामुळे एकाच बागेच्या द्राक्षांचा हिशेब दोन्हीकडे वेगळा. खत किंवा गुरांचे खाद्य म्हणून जाणाऱ्या चोथ्याचे काय, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

काही औषधे खरोखर मोडतात, पण त्यातून दुसरेच काही तयार होते. फोल्पेटचे रसात थॅलिमाइड होते. (हे बुरशीनाशक यीस्टलाही सोडत नाही, कारण यीस्ट ही बुरशीच, मग आंबणेच रखडते.) केवड्यावर मारल्या जाणाऱ्या मॅन्कोझेबपासून उष्णतेने एथिलीनथायोयुरिया बनते, बीअरसाठी माल्टचा रस उकळताना हे घडू शकते. हा पदार्थ थायरॉइडच्या कामात अडथळा आणतो. फक्त मूळ औषध शोधणाऱ्या चाचणीत तो दिसत नाही. म्हणून तपासणीच्या यादीत मूळ औषधाबरोबर त्याची अपत्येही हवीत.

२०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अवशेषांमुळे युरोपात आपली द्राक्षे अडली, तेव्हा धावपळ झाली. इथे विकल्या जाणाऱ्या वाइनच्या द्राक्षांनाही तीच काटेकोर तपासणी लागू व्हायला हवी. शेवटची फवारणी आणि तोडणी यांतले ठरलेले दिवस पाळणे हा खरा उपाय. पिंपात गेल्यावर फार काही हातात राहत नाही.

प्रमाणाचे भान मात्र सुटू नये. १२ टक्क्यांच्या लिटरभर वाइनमध्ये सुमारे ९५ ग्रॅम अल्कोहोल असते, अवशेष बहुधा मिलिग्रॅमच्याही अंशात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. ‘अवशेषमुक्त’ बाटलीतही ते अल्कोहोल तेवढेच राहते.

त्या बागायतदाराला मी मलम लिहून दिले. फवारणी तो उघड्या हातांनी करत होता.