शिफारस कुणाची, खर्च कुणाचा?



'शेतकरी सांगितलेले ऐकत नाही' हे वाक्य कुठल्याही कृषी मेळाव्यात ऐकायला मिळते. बी कसे लावायचे, फवारा केव्हा मारायचा, पऱ्हाटी केव्हा उपटायची, सगळे आम्ही सांगतो. तो करत नाही, त्याला आम्ही काय करणार? कृषी पदवीच्या वर्गातही हाच सूर असतो. या वाक्याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे.

शेतकरी अडाणी म्हणून ऐकत नसता, तर १९६४ साली आलेली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी त्याने पेरलीच नसती. १९७० चा एच-४ हा संकरित कापूसही लावला नसता. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत जुनी वाणे शोधावी लागली. पाऊस लागला की ज्वारी लवकर पेरा, उशिराच्या पेऱ्यावर खोडमाशी तुटून पडते, हेही आपण ऐकतो. कारण त्यात फायदा आपल्या पदरात पडतो आणि पदरचे फारसे जात नाही.

आता न ऐकलेली शिफारस घ्या. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर बीटीचे १२० ग्रॅमचे छोटे पाकीट येत असे. एकूण क्षेत्राच्या २० टक्के किंवा कडेने पाच ओळी, जे जास्त असेल तेवढे हे बी लावा, असा नियम होता. शास्त्र खोटे नव्हते. बीटी पचवणारी एखादी अळी जगली, तर तिच्या पतंगाला जोडीदार या साध्या ओळींतला मिळावा आणि बीटी न पचणाऱ्या अळ्यांचा वंश टिकावा, एवढाच हेतू.

पण हिशेब करा. एक एकराचा चौकोनी तुकडा म्हणजे बाजू साधारण २०९ फूट. चार फुटांवरच्या पाच ओळी चारी बाजूंनी लावल्या, तर २० फुटांचा पट्टा जातो. आत १६९ फूट उरतात. म्हणजे एकराचा तिसरा हिस्सा अळीच्या तोंडी द्यायचा! ५० एकरवाल्याला जे परवडते, ते दोन एकराच्या कोरडवाहूला कसे परवडावे? त्या ओळींच्या नुकसानीचा एक पैसाही कुणी देणार नव्हते. शेजाऱ्याने लावले नाही, तर माझ्या त्यागाचाही उपयोग नाही. छोटे पाकीट धुऱ्यावर पडून राहिले, ते याच हिशेबाने.

परिणाम २०१७ साली विदर्भ-मराठवाड्याने पाहिला. शेंदरी बोंडअळी बीटी-२ ला जुमानेना. बी विकून झाले होते, शिफारस छापून झाली होती. किडकी बोंडे मात्र आपल्या पदरात आली. पुढे २०२० पासून साधे बी बीटीच्या पाकिटातच मिसळून येऊ लागले, ४५० ग्रॅमला २५ ग्रॅम. अठरा वर्षे 'ऐकत नाही' म्हणून ज्याला दोष दिला, त्याला न बदलता शिफारस पाळली जाऊ लागली. बदलली ती शिफारस. हे आधी का सुचले नाही?

म्हणून शिफारस घेऊन येणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. याचा खर्च किती आणि तो कुणाचा? हे काम पडते तेव्हा गावात मजूर आणि हातात पैसा असतो का? मी एकट्याने केले तर उपयोग आहे, की सगळ्या शिवाराने करावे लागेल?

आणि हेच प्रश्न आपण स्वतःलाही विचारू. फरदड ठेवू नका, डिसेंबरअखेर पीक संपवा, ही शिफारस आपण आजही मोडतो. उसनवारी असते, आणखी एका वेचणीची आशा सुटत नाही. ते चुकीचे आहे असे घरात बसून म्हणणे सोपे आहे. पण शेंदरी अळीचे पोट मुख्यतः कापसावरच भरते. शिवारात हिरवे बोंड उभे राहिले, की तिचा पुढच्या हंगामापर्यंतचा मुक्काम पक्का. माझ्या शेवटच्या दोन मण कापसाची किंमत पुढच्या वर्षी सारा गाव डोमकळ्यांच्या रूपाने मोजतो.

एकट्याने पऱ्हाटी उपटणारा नुकसानीत जातो, सगळे उपटतील तर सगळ्यांचे वाचते. तेव्हा हे काम हुकमाने होणार नाही, गावाच्या ठरावानेच होईल. प्रत्येक गावाने कापूस संपवण्याची एक तारीख ठरवावी. शेवटच्या वेचणीनंतर मेंढपाळांना शिवार खुले करावे. पऱ्हाटीचा भुगा करणारे यंत्र गावाने मिळून भाड्याने आणावे. आणि सरकारकडे मागणी करावी की ज्या शिफारशीचा तोटा एकाला आणि फायदा सगळ्यांना, तिचा खर्चही सगळ्यांनी, म्हणजे सरकारने, उचलावा.

जिल्हा बैठकीला येताना गावाने ठरवलेली तारीख लिहून आणा.