समाजमंदिराचं कुलूप काढा!

वऱ्हाडातल्या माय-बहिणींनो, बाप्पाहो, आणि मोर्च्यात घसा बसवून घरी परतल्यावर पुन्हा एकटे पडणाऱ्या पोरापोरींनो,

तुमच्या गावात एक समाजमंदिर आहे. नसेल तर 'सांस्कृतिक सभागृह' असेल, तेही नसेल तर कोण्या एका समाजाचं 'भवन' तरी असेलच. निधीतून बांधलेलं. दर्शनी भिंतीवर काळी पाटी, पाटीवर पुढाऱ्यांच्या नावांची उतरंड, आणि दाराला कुलूप. खिडकीतून डोकावून पाहा : कोणाची तरी सोयाबीनची पोती, मागच्या निवडणुकीचे गुंडाळलेले फ्लेक्स, तुटक्या खुर्च्या. किल्ली कोणाजवळ आहे विचारा, तीन नावं निघतील, आणि तिघंही नेमके बाहेरगावी. लग्नाला हॉल मिळतो, भाड्यानं. पण तो कोणाच्या लग्नाला मिळतो आणि कोणाच्या लग्नाच्या तारखेला नेमका 'आधीच बुक' असतो, हे गावाला तोंडपाठ आहे.

आमचं म्हणणं असं : वऱ्हाडात मोर्च्यांचा दुष्काळ नाही, सगळ्यांना बसता येईल अशा जागेचा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये कापूस-सोयाबीनच्या शेतकऱ्यांसाठी माजी अर्थमंत्री यशवंत सिन्हा अकोल्यात ठिय्या देऊन बसले, पोलिसांनी ताब्यात घेतलं तरी हलले नाहीत, देशभर बातमी झाली. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं मंजुरी नसलेलं कपाशीचं बी उघड पेरून कायदा मोडला. (त्या बियाण्याबद्दल आमच्यातच दोन मतं आहेत, ते भांडण आम्ही घरात भांडतो.) हिंमत कमी पडली असं कोणी म्हणू नये. पण ठिय्या उठला की माणसं एसटीत बसतात आणि आपापल्या गावात आपापल्या आळीत शिरतात. पुढच्या आंदोलनापर्यंत मराठा शेतकरी आणि बौद्ध मजूर, माळी आणि मुसलमान, बाई आणि बुवा, कुठं भेटतात सांगा. रेशनच्या रांगेत. तिथंही बोलायची सोय नाही, मशीन अंगठा घेत नसतं.

आता जरा जुनं काढू. १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. विषय होता अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, नाशिकचा काळाराम सत्याग्रह अजून व्हायचा होता. म्हणजे या लढ्यात वऱ्हाड मागून आलेलं नाही. पंजाबराव देशमुखांनी तेव्हा अस्पृश्यांची बाजू घेतली आणि स्वतःच्याच जातीतल्या लोकांची नाराजी ओढवून घेतली. भांडण देवाच्या दर्शनाचं दिसत होतं, पण मुळात ते गावाच्या सामायिक जागेत कोणाचा पाय पडावा याचंच होतं. आज अंबादेवीचं दार सगळ्यांना उघडं आहे. गावातल्या हॉलचं नाही.

गाडगेबाबांना हे सगळ्यात आधी कळलं होतं. शेंडगावात जन्मलेला, मुर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाकडं गुरं राखून वाढलेला हा माणूस दिवसा गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनाला उभा राहायचा. त्या कीर्तनात तो प्रवचन देत नसे, प्रश्न विचारी. कर्ज काढून सण कायले? देवापुढं बकरं कायले? उत्तर लोकांनाच द्यावं लागे, मोठ्यानं, शेजाऱ्याच्या देखत. ज्यानं एकदा भर सभेत 'नाही' म्हटलं, त्याला दुसऱ्या दिवशी सावकाराकडं जाताना पाय जड होतात. आणि बाबांनी स्वतःसाठी झोपडीही न ठेवता लोकांसाठी बांधले ते घाट आणि धर्मशाळा : पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट, मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा, पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं अस्पृश्यांसाठी धर्मशाळा. ती पुढं बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. लोकांना गोळा करायचं तर आधी डोक्यावर छप्पर आणि पंगतीत घास लागतो, हे खराटा हातात घेतलेल्या माणसाला कळलं आणि कोटीच्या निधीवाल्यांना कळेना.

मग यावलीचे तुकडोजी महाराज. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. हातात खंजिरी, समोर उघडं मैदान, सामुदायिक प्रार्थनेत जातीधर्माची आडकाठी नाही. १९४२ च्या ऑगस्टात चिमूर आणि आष्टी पेटली तेव्हा इंग्रज सरकारनं या भजनं म्हणणाऱ्या माणसाला चंद्रपुरात पकडून नागपूर-रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. खंजिरीला सरकार उगाच भीत नव्हतं. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी एकत्र बसून गाणाऱ्या गावाला एका हाकेत उठता येतं, हे त्या सरकारला बरोबर समजलं होतं. जून २०२५ मध्ये प्रहारचे बच्चू कडू शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी अन्नत्याग करायला बसले ते मोझरीतच. मंत्रालयासमोर नाही, कलेक्टर कचेरीसमोर नाही. काहून? मोझरीत नव्वद वर्षांपासून बसायची जागा आहे म्हणून. राजकारण कोणाला पटो न पटो, जागेचं मोल यातून दिसतं.

इथं आमचे दोन्हीकडचे मित्र आमच्यावर डाफरणार. लाल झेंड्यावाले म्हणणार, भजन-बिजन करून कुठं क्रांती होते काय? त्यांना आठवण द्यावी लागते की अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक काढलं ते तमाशाच्याच अंगानं, आणि भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसाही लोकांना ठाऊक असलेल्या चालींवरच उभा राहिला. दुसरीकडून भजनी मंडळातले काका विचारणार, देवाच्या गाण्यात राजकारण काहून आणता? काका, कापूस कोण्या भावानं गेला हे तुम्ही भजन संपल्यावर चपला घालता-घालता बोलताच ना? ते चपला घालायच्या आधी बोला, एवढंच.

आता पोळ्याचं. पिठोरी अमावस्येची संध्याकाळ. गावाबाहेर आंब्याच्या पानांचं तोरण ताणलेलं. हिंगूळ लावलेली शिंगं, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, बैलजोड्या ओळीनं उभ्या. वाजंत्री थांबते आणि कोणीतरी एक हात वर करून झडती, म्हणजे टोमणे मारणारं यमकाचं गाणं, सुरू करतो. सावकार, पटवारी, व्यापारी, निवडून गेल्यावर तोंड न दाखवलेला पुढारी, झडतीत कोणाची गय नसते. शेवटच्या आरोळीला सगळं रान गाजतं आणि दुसऱ्या टोकावरून उत्तराची झडती येते. ज्याची रेवडी उडवली तो समोरच उभा असतो, आणि त्यालाही हसावं लागतं. वर्तमानपत्र नव्हतं तेव्हापासूनचं हे आमचं वर्तमानपत्र. निषेधाचं गाणं मुंबई-पुण्याहून मागवायची आपल्याला गरज नाही. १९३० मध्ये मिठाचा कायदा मोडायला वऱ्हाडाजवळ समुद्र नव्हता, तर लोकांनी अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला खारपाणपट्ट्याच्या विहिरीचं खारं पाणी आटवून मीठ काढलं. झडतीही तशीच, घरची.

पण झडतीचं कौतुक करून थांबलो तर आम्ही लबाड ठरू. तोरणाखाली पहिला बैल कोणाचा जातो? मानाचा. महिनाभर त्याची निगा राखतो सालदार, पहाटे नदीवर धुतो सालदार, शिंगं घासून रंगवतो सालदार, आणि कासरा धरून मिरवायच्या वेळी मालकाचा मुलगा पांढरा सदरा घालून पुढं येतो. बाई तर त्या मैदानात नसतेच. ती दारात आरतीचं ताट घेऊन उभी, बैल आले की पाय धुवायचे आणि पुरणपोळी चारायची. शेतातलं निंदण, वेचणी तिच्या बोटांवर चालते, तरी झडतीत तिचा आवाज नाही. तिचा आवाज भुलाबाईत. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी टिपऱ्या घेऊन सासरचा सगळा जाच गाऊन दाखवतात, मग डब्यातला खाऊ ओळखायचा. तेही आपल्या आळीपुरतं. पलीकडच्या आळीतल्या पोरींची भुलाबाई वेगळी, खाऊ वेगळा.

या वर्षी बाईनं तोरणाखाली येऊन झडती म्हणावी. ज्याच्याकडं बैल नाही, नुसता ट्रॅक्टर आहे किंवा तोही नाही, त्यानंही म्हणावी. सुरुवातीला ही आमची घ्या :

बैल धुतला गड्यानं, मान नेला वाड्यानं,
हॉल बांधला निधीनं, किल्ली देल्ली भाड्यानं!

पुढची तुम्ही जोडा. वाईट जुळली तरी चालते, झडतीला कोणी गुण देत नाही.

एका गोष्टीवर मात्र आम्ही चिडून बोलणार. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगल होऊन संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. एप्रिल २०२२ मध्ये अचलपुरात झेंड्यावरून दगडफेक. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात जाळपोळ, एक जीव गेला. हातगाडीवाला, रोजंदारीवाली, दोन्ही बाजूंचे गरीबच उपाशी राहिले. अफवा मोबाईलवर आली हे खरं, पण ती खोटी आहे का, हे ज्याला विचारता येईल असा पलीकडच्या मोहल्ल्यातला एकही माणूस आपल्या ओळखीचा नव्हता. तो ओळखीचा व्हावा कुठं? मिरवणुकीत? मिरवणुकीत तर आता डीजे आहे. ट्रॉलीवर भिंतीएवढे स्पीकर, छातीत धडधड, आणि समोरच्या धर्मस्थळापुढं आवाज मुद्दाम वाढवायचा. त्या आवाजात कोणाला गाता येत नाही, फक्त हात वर करून नाचता येतं. वर्गणी आपली, कान आपले, भाडं मात्र ट्रॉलीवाल्याचं. खंजिरीला जनरेटर लागत नाही, डफाला ट्रॉली लागत नाही, आणि दोन्ही वाजत असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं.

म्हणून समाजमंदिर. आठवड्यातला एक ठरलेला दिवस, संध्याकाळी दोन तास. वर कोणाची खुर्ची नाही, सगळी सतरंजी. सत्कार नाही, हारतुरे नाहीत, पुढारी आला तर मागं बसेल आणि पाळी आल्यावर एक गाणं म्हणेल. पायऱ्यांना उतार करा, म्हणजे कुबडीवालाही आत येईल. बायकांसाठी संडास उघडा ठेवा, नाहीतर 'महिलांनी मोठ्या संख्येनं यावं' हे छापू नका. ज्याला गाव तृतीयपंथी म्हणून टाळी वाजवून दाखवतं, तोही सतरंजीवरच बसेल, दारात नाही. महिन्यातून एकदा रोडगे आणि वांग्याची भाजी, आणि कणीक कोण्या एका जातीच्या हातानं मळायची नाही, वाढायची तर नाहीच. भांडणं होतील. पहिल्याच पंगतीत दोघंचौघं 'पोट बरं नाही' म्हणून उठतील. उठू द्या, पुढच्या महिन्यात त्यांना पुन्हा बोलवा.

कामाचं सांगतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यांतली जी ग्रामसभा जवळ असेल तिच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडं) लेखी अर्ज द्या : सभागृह कोण्या निधीतून बांधलं, भाडं किती जमा झालं, किल्ली कोणाच्या ताब्यात आहे, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ ते सर्वांसाठी विनाभाडं उघडं राहील असा ठराव घ्यावा. अर्जावर पाच सह्या पाच आळ्यांतल्या घ्या, त्यात निदान दोन बायकांच्या. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका. शहरात राहत असाल तर हाच अर्ज नगरसेवकाला आणि महापालिकेत.

हे पत्रक वाचून झालं की फाडू नका, पलीकडच्या आळीत द्या.

— वऱ्हाडातले काही गाणारे, काही वाजवणारे आणि बरेचसे नुसते ऐकणारे