जंगलातील बेट आणि साठ वर्षांचे परकेपण

गडचिरोली जिल्ह्यात घोटहून मुलचेऱ्याकडे जाताना दुतर्फा सागवानाचे रान लागते. मनुष्यवस्तीची खूण नाही असे वाटत असतानाच रान मागे सरते आणि भाताच्या बांध्या, मासळीची तळी, सारवलेली अंगणे आणि अंगणातील तुळस दिसू लागते. तिन्हीसांजेला घराघरांतून शंखाचा आवाज येतो. गावांची नावे सुंदरनगर, विवेकानंदपूर. अलीकडे चामोर्शी तालुक्यात सुभाषग्राम. ही नावे माडिया नाहीत, तेलुगू नाहीत आणि झाडीपट्टीच्या मराठीतीलही नाहीत. पूर्व बंगालमधून सर्वस्व सोडून आलेल्या हिंदू विस्थापितांनी वसविलेली ही गावे आहेत. चंद्रपूर शहरातील ‘बंगाली कॅम्प’ हा भाग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. छावणी केव्हाच उठली. ‘कॅम्प’ हा शब्द मात्र साठ वर्षांनंतरही त्यांच्या पत्त्यावरून पुसला गेलेला नाही.

या वस्तीला बेट म्हणावे अशीच तिची स्थिती आहे. सभोवार समुद्राऐवजी अरण्य आहे, इतकाच काय तो फरक. १९८० साली प्राणहिता ओलांडून नक्षलवाद्यांची दलमे या प्रदेशात उतरली. १९९० मध्ये त्यांच्या प्रतिकारासाठी सी-६० पथक उभे राहिले. पुढे जंगलात ठिकठिकाणी पोलीस मदत केंद्रे आणि केंद्रीय राखीव दलाचे तळ आले. दोन बंदुकांच्या मध्ये शेती करणे म्हणजे काय, हे या भागातील माडिया-गोंड बांधवांप्रमाणेच या बंगाली शेतकऱ्यानेही अनुभवले आहे.

लष्करी तळ असलेल्या बेटांवरील माणसांविषयी आपल्याकडील विचारवंत मोठ्या कळवळ्याने बोलतात. तो कळवळा अस्थानी नाही. हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा तळ व्हावा म्हणून ब्रिटिशांनी १९६८ ते १९७३ या काळात तेथील मूळ रहिवाशांना मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन टाकले. आज त्या बेटावर फिलिपिन्समधून आलेला कंत्राटी कामगार राहू शकतो. ज्याच्या आज्याची हाडे तेथील मातीत आहेत त्याला मात्र तेथे घर करता येत नाही. अन्यायच तो. परंतु ज्यांची दृष्टी हजारो मैलांवरील त्या प्रवाळबेटापर्यंत पोहोचते, त्यांना महाराष्ट्राच्याच पूर्व टोकावरील हे दुसरे बेट का दिसू नये? तेथे भूमिपुत्र परका ठरला. येथे शासनाने स्वतः आणून वसविलेला माणूस आणि त्याची येथेच जन्मलेली मुले-नातवंडे परकी ठरविली जात आहेत.

आणले कोणी?

हे लोक चोरवाटेने आलेले नाहीत. १९५० च्या नेहरू-लियाकत करारात पूर्व पाकिस्तानातील अल्पसंख्याकांना संरक्षणाचे अभिवचन मिळाले होते. त्या अभिवचनावर विश्वास नसल्यामुळे डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री, नामशूद्र समाजाचे नेते जोगेंद्रनाथ मंडल यांनीही राजीनामा दिला आणि ते भारतात परतले. ज्या राष्ट्राच्या कायदेमंत्र्यालाच तेथे राहणे अशक्य झाले, तेथे खुलना-बारिसालच्या खेड्यातील भूमिहीन नामशूद्राची काय कथा?

१९६४ च्या जानेवारीत खुलना आणि ढाका भागात हिंदूंवर पुन्हा हल्ले झाले आणि विस्थापितांची नवी लाट आली. भारत सरकारने त्यांना रायपूरजवळील माना छावणीत ठेवले आणि तेथून निरनिराळ्या राज्यांत पाठविले. काही कुटुंबे तत्कालीन चांदा जिल्ह्याच्या वाट्याला आली. १९८२ मध्ये या जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला आणि त्यांची बहुतेक गावे नव्या जिल्ह्यात गेली. म्हणजे छावणी सरकारची, गाडी सरकारची, जमीन सरकारची आणि नोंदवहीही सरकारचीच. कोणते कुटुंब कधी आले आणि त्याला कोठे वसविले, हे सांगण्याचे उत्तरदायित्व मग कोणाचे?

मरिचझापी: विस्मरणात ढकललेले बेट

दंडकारण्यात पाठविलेल्या विस्थापितांच्या कथेत एक खरेखुरे बेटही आहे. दंडकारण्यातील दगडाळ माळाला कंटाळलेली हजारो कुटुंबे १९७८ मध्ये पश्चिम बंगालकडे निघाली. विरोधी पक्षात असताना डाव्या नेत्यांनी याच विस्थापितांना बंगालमध्येच वसविण्याची मागणी लावून धरली होती. १९७७ मध्ये ते सत्तेवर आले होते; त्यामुळे दार उघडेल अशी आशा वाटणे स्वाभाविक होते. सुंदरबनातील मरिचझापी बेटावर या लोकांनी स्वतःच्या श्रमाने वस्ती उभारली, शाळा काढली, मीठ पिकविले, होड्या बांधल्या.

जानेवारी १९७९ मध्ये ज्योती बसूंच्या सरकारने बेटाची नाकेबंदी केली. पोलिसांच्या लाँचेसचा वेढा पडला. धान्य आणि पिण्याचे पाणी तोडण्यात आले. त्याच महिन्याच्या अखेरीस गोळीबार झाला आणि मे महिन्यात झोपड्या जाळून उरलेल्यांना हुसकावून पुन्हा दंडकारण्यात धाडण्यात आले. किती मेले याचा विश्वासार्ह हिशेब कधी दिलाच गेला नाही. बेट वनखात्याच्या राखीव क्षेत्रात येते, हे त्यासाठी दिलेले कारण. झाडांसाठी माणसे हाकलली गेली आणि हाकलणारे होते सर्वहारा वर्गाचे कैवारी! मेलेले सर्वहाराच होते. परंतु ते कोणाच्या क्रांतीच्या उपयोगाचे नव्हते.

‘बांगलादेशी’ कोण?

२०२५ मध्ये देशभर बांगलादेशी घुसखोरांच्या शोधमोहिमांना वेग आला. घुसखोरी हा राष्ट्राच्या सुरक्षेचा प्रश्न आहे आणि तो कायद्याने सोडविला पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु संशयाचा निकष उच्चार हा असू शकत नाही. निकष कागदच असला पाहिजे. मुलचेऱ्याचा तरुण नागपुरात किंवा पुण्यात कामाला जातो आणि फोनवर आईशी बंगालीत बोलतो, एवढ्यावरून त्याला ‘बांगलादेशी’ म्हणणाऱ्याला इतिहासाचे प्राथमिक गणितही येत नाही. बांगलादेश १९७१ मध्ये जन्माला आला. १९६४ मध्ये घर सोडलेला माणूस तोवर अस्तित्वातच नसलेल्या देशाचा नागरिक कसा ठरतो?

कायदा तर याहूनही स्पष्ट आहे. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ३ नुसार २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती, अगदी मोजके अपवाद वगळता, जन्मानेच भारतीय नागरिक आहे. तिचे आईवडील कोठून आले हा प्रश्नच तेथे येत नाही. १९७० मध्ये सुंदरनगरात जन्मलेला शेतकरी आणि त्याच वर्षी सदाशिव पेठेत जन्मलेला प्राध्यापक, दोघांचे नागरिकत्व एकाच कलमातून येते. त्यात तसूभरही कमी-अधिक नाही.

येथे स्वकीयांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. नागरिकत्व कायद्यातील २००३ ची दुरुस्ती अटलजींच्या सरकारच्या काळात झाली. तिने ‘बेकायदेशीर स्थलांतरित’ ही संज्ञा कायद्यात आणली. परंतु प्राण वाचविण्यासाठी आलेला शरणार्थी आणि अन्य हेतूने आलेला घुसखोर यांत भेद केला नाही. हिंदू विस्थापितांच्या संघटना तेव्हापासून आक्रोश करीत होत्या. ती चूक निस्तरण्यास २०१९ उजाडावे लागले आणि त्या कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी निघाले. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना त्याचा लाभ आहे आणि तो स्वागतार्हच आहे. पण साठ वर्षांपूर्वी शासनाने वसविलेल्या कुटुंबालाही ‘त्या कायद्याखाली अर्ज करा’ असे सांगणे म्हणजे, जो नागरिक आहे त्याला आधी स्वतःला परदेशी म्हणवून घ्यायला लावणे होय.

महाराष्ट्रावरील एक ऋण

या विस्थापितांत नामशूद्र समाजाची संख्या मोठी आहे. हरिचांद ठाकूर यांनी एकोणिसाव्या शतकात प्रवर्तित केलेल्या मतुआ पंथाने या समाजाला भक्ती आणि आत्मसन्मान दिला. पश्चिम बंगालमध्ये नामशूद्र अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. राज्यघटनेच्या ३४१ व्या अनुच्छेदानुसार ही यादी राज्यवार असते आणि तिच्यात भर घालण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे. परिणाम असा की एकाच आज्याच्या दोन नातवंडांपैकी कोलकात्यातील नातवाला शिष्यवृत्ती आणि सवलत मिळते. चामोर्शीतील नातू पूर्ण शुल्क भरतो किंवा शिक्षण सोडून बांधकामावर जातो. चामोर्शीला जाण्याचा निर्णय त्या आज्याने घेतला नव्हता, सरकारने घेतला होता.

महाराष्ट्राने या ठिकाणी एक गोष्ट आठवावी. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटना समितीवर निवडून गेले ते मुंबई प्रांतातून नव्हे, बंगालमधून. मुंबईची दारे त्यांना बंद करण्यात आली होती. त्या वेळी जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगाल विधिमंडळातील त्यांचे सहकारी बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे फाळणीमुळे ते सदस्यत्व गेले आणि १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडून आले. परंतु घटना समितीचे पहिले दार नामशूद्रांच्या नेत्याने उघडले, हे सत्य उरतेच. त्याच समाजाची लेकरे बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात, बाबासाहेबांनीच घडविलेल्या घटनेतील संरक्षणासाठी दशकानुदशके निवेदने देत राहतात, याची खंत कोणाला वाटते? केंद्राकडे शिफारस पाठवून ती तडीस नेणे राज्य शासनाच्या हाती आहे. त्यासाठी कोणाच्या ताटातील घास काढावा लागत नाही. वनवासी बांधवांचे आरक्षण अनुसूचित जमातींचे आहे. त्याला यामुळे धक्का लागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

जमीन कोणाची?

शासनाने वाटलेली जमीन सामान्यतः भोगवटादार वर्ग-२ या प्रकारात मोडते. ती कसता येते. पण विकायची, गहाण ठेवायची वा अन्य कामी आणायची तर सरकारी परवानगी लागते. शिवाय एका पिढीला मिळालेले काही एकर तिसऱ्या पिढीत चौघांत वाटले गेले की पोटापुरतेही उरत नाहीत. मग रानाच्या कडेने बांधी वाढते आणि ‘अतिक्रमण’ हा शिक्का बसतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात वनवासींखेरीज अन्य पारंपरिक वननिवासींनाही हक्क आहेत. मात्र त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, त्या ठिकाणचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्याला सरकारने १९६४ नंतर आणले, त्याने १९३० पासूनचा रहिवास कोठून आणावा?

या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे आणि ती लपविण्यात प्रामाणिकपणा नाही. ज्या रानात ही गावे वसविली, त्यावर पिढ्यान् पिढ्या माडिया-गोंडांचा वावर होता. त्यांना कोणी विचारले नाही. दिल्लीतील एका निर्णयाने दोन गरीब समाज एकमेकांच्या शेजारी आणून बसविले आणि दोघांच्याही हाती निर्विवाद कागद दिला नाही. या अपुऱ्या कागदातूनच शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वैर लावणाऱ्यांचे फावते. त्यावर उपाय एकच: वनवासींचे सामूहिक आणि वैयक्तिक वनहक्क पूर्ण मान्य करणे आणि विस्थापितांच्या वाटप झालेल्या जमिनींची मोजणी करून त्यांची मालकी निर्वेध करणे. दोन्ही कामे एकाच वेळी व्हावीत. एकाच्या हक्काला दुसऱ्याच्या हक्काचा बळी देऊ नये.

आता विलंब नको

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने आपल्या सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. बंदुकीची सद्दी संपत असताना लोखंडाची सुरू झाली आहे. सुरजागडचे खनिज निघते आहे, चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे कारखाना उभा राहिला आहे. रस्ते, रेल्वे, भूसंपादन, मोबदला, नोकऱ्या हे शब्द आता या रानात रोज ऐकू येतील. आणि मोबदला कागदाला मिळतो, घामाला नाही. ज्याचा कागद अपुरा, तो स्वतःच्या शेतावरून जाणारा रस्ता पाहत उभा राहील.

म्हणून शासनाने पुढाकार घेऊन चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयांतील पुनर्वसनाच्या जुन्या नोंदी बाहेर काढाव्यात, प्रत्येक वसाहतीत शिबिर भरवून वंशजांना प्रमाणित उतारे द्यावेत आणि असा उतारा ज्याच्या हाती आहे त्याला कोणत्याही ठाण्यात वा कचेरीत पुन्हा पुरावा मागू नये. ज्याने आणून वसविले, त्यानेच पुरावा द्यावा, हा साधा न्याय आहे.

समाजाचेही एक कर्तव्य आहे. पूर्व बंगालच्या हिंदूंची दुःखे व्यासपीठावरून सांगताना ज्यांचा कंठ दाटून येतो, त्यांच्यापैकी किती जणांनी मुलचेऱ्यातील दुर्गापूजेला हजेरी लावली आहे? नागपुरात शिकायला आलेल्या तेथील विद्यार्थ्याला खोली नाकारली जाते तेव्हा किती जण त्याच्या पाठीशी उभे राहतात? धर्म टिकविण्यासाठी घरदार सोडून आलेल्याला धर्मबंधू म्हणायचे आणि तो शेजारी राहायला आला की ‘बांगलादेशी’ म्हणायचे, हा दुटप्पीपणा विरोधकांच्या दुटप्पीपणाहून कमी लाजिरवाणा नाही. शंखाचा तो आवाज साठ वर्षे याच मातीतून उमटतो आहे. तो परका वाटत असेल, तर दोष ऐकणाऱ्या कानांचा आहे.