मुलाला फोन नको, गाण्यांचा डबा द्या

घरात तीन-चार वर्षांचं मूल असलं की दिवसभर गाणी लागतात. जेवताना एक, अंघोळीला एक, झोपताना तर पाच-सहा. आणि ती लावायला आपण सरळ खिशातला फोन काढतो. दोन मिनिटांत गाणं राहतं बाजूला, मूल पडद्यावरच्या नाचणाऱ्या हत्तीकडे टक लावून बसतं, वरणभाताचा घास गालात तसाच. मग फोन काढून घ्यायचा आणि रडारड ऐकायची. ज्यांच्याकडे हे रोज चालतं त्यांना माझी विनंती आहे: गाणी ऐकायला मुलाला वेगळं यंत्र घेऊन द्या. पडदा नसलेलं, मोजक्या बटणांचं, त्याला स्वतः चालवता येईल असं. गाणी आणि गोष्टी सोडून त्या यंत्राला दुसरं काही येत नसेल तर फारच उत्तम.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत पडदा नकोच, आणि त्यापुढे पाचव्या वाढदिवसापर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं त्या सांगतात. आपल्याकडे तो तास सकाळच्या पोह्यांबरोबरच संपतो. नुसतं ऐकण्याला मात्र हा हिशेब लागत नाही. ऐकता ऐकता मूल ठोकळे रचतं, चित्र रंगवतं, मध्येच उठून नाचतं. फोन हातात असताना यातलं काहीच होत नाही.

आता घ्यायचं काय? सारेगामाने २०१७ मध्ये कारवां बाजारात आणला, पाच हजार जुनी गाणी आधीच भरलेला. घरोघरच्या आजी-आजोबांना तो आवडला आणि पुढे त्याचा मराठी अवतारही आला. यंत्र चांगलं आहे, पण मुलासाठी घेताना एवढं लक्षात ठेवा की आत भरलेली गाणी आपल्याला बदलता येत नाहीत. मुलाला हवं ते गाणं शोधायला प्रत्येक वेळी मोठं माणूस लागणार असेल तर यंत्र मुलाचं राहत नाही. माझं मत विचाराल तर मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्ह दोन्ही चालणारा, एफएम असलेला साधा छोटा स्पीकर घ्या. हजार रुपयांच्या आसपास बरे मिळतात. सात-आठ वर्षांपुढच्या मुलाला घरात पडून असलेला जुना कीपॅडचा फोन सिमकार्ड काढून दिला तरी भागतं. आयपॉडची वाट पाहू नका. २००१ मध्ये सुरू झालेलं ते प्रकरण कंपनीने २०२२ मध्ये बंद केलं.

स्पीकर ऑनलाइन मागवण्यापेक्षा दुकानात जाऊन घ्या, कारण त्याच्या खोडी हातात घेतल्याशिवाय कळत नाहीत. घरून निघताना एका कार्डावर दहा-बारा गाणी आणि वीसेक मिनिटांची एक गोष्ट भरून न्या. दुकानदार त्याचं नेहमीचं ढणढणाटी गाणं लावून दाखवील, त्यावरून काही समजत नाही. आपलं कार्ड घालायला सांगा. सुरू केल्याबरोबर बहुतेक स्वस्त स्पीकरांतून एक बाई इंग्रजीत ओरडून सांगते की ब्लूटूथ तयार आहे. काही स्पीकरांत तिचा आवाज कमीच करता येत नाही, आणि दुपारी झोपलेल्या धाकट्याला उठवायला ती एकटी पुरेशी असते. मग गोष्ट लावा, दोन मिनिटं चालू द्या, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा. गोष्ट थांबली होती तिथूनच पुढे चालू झाली का? की स्वारी परत पहिल्या गाण्यावर? आवाज आपण ठेवला होता तेवढाच आहे का, की आपोआप वाढला? या दोन परीक्षांत नापास झालेला स्पीकर घेऊ नका. गोष्ट रोज पहिल्यापासून ऐकावी लागली तर मूल चौथ्या दिवशी ती मागणं सोडून देतं.

बटणांकडे नीट बघा. खर्च वाचवायला पुष्कळ कंपन्या एकाच बटणाला दोन कामं देतात: हलकं दाबलं की पुढचं गाणं, दाबून धरलं की आवाज मोठा. लहान मूल बटण हलकं दाबत नाही. ते अंगठा रोवून उभं राहतं. म्हणजे त्याला हवं असतं पुढचं गाणं आणि घरभर सुरू होतो लाउडस्पीकर. आवाजाची बटणं वेगळी, किंवा सरळ गोल फिरवायची चकती, असं असेल तेच घ्या. चकती असली तर तिच्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका लावून "याच्या पुढे न्यायची नाही" असं सांगता येतं. मुलं हा नियम बऱ्यापैकी पाळतात, मोठी माणसंच मोडतात.

बॅटरी बदलता येते का, हे विचारा. अनेक साध्या एफएम स्पीकरांत जुन्या नोकिया फोनची बीएल-५सी जातीची बॅटरी असते. ती तालुक्याच्या गावी, कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडेही मिळते. आत चिकटवून टाकलेली बॅटरी संपली की सगळं यंत्रच भंगारात. काही स्पीकरांबरोबर छोटा चपटा रिमोट येतो आणि त्यात नाण्यासारखा गोल सेल असतो. हा रिमोट घरी आणल्या आणल्या मुलाच्या हाताला लागणार नाही अशा जागी टाका. त्याची गरजही नाही. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी "बघू, शीतून जाईल" म्हणत थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. खेळण्याच्या रूपातलं वाजणारं यंत्र घेत असाल तर सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं आणि त्यावर आयएसआय चिन्ह हवं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचं आहे. चिन्ह खरं की नुसतं छापलेलं, हे बीआयएस केअर ॲपवर क्रमांक टाकून बघता येतं.

आता कानाचं. इथे थोडं सविस्तर सांगते, कारण नुकसान इथेच होतं आणि ते भरून येत नाही. कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या ज्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण असं: मोठ्यांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालेल, मुलांसाठी ती मर्यादा ७५ डेसिबल. आणि आवाज दर ३ डेसिबलनी वाढला की सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. आता दुकानात "मुलांसाठी खास, ८५ डेसिबलची मर्यादा" असं खोक्यावर लिहिलेले रंगीत हेडफोन बघा. मर्यादा आहे हे खरं. पण वरच्या हिशेबाने ८५ डेसिबलवर मुलाच्या वाट्याला येतात आठवड्याचे फक्त चार तास. दिवसाला अर्ध्या तासाहून थोडं जास्त. खोक्यावर हे कोणी लिहीत नाही, आणि आईबाप "मर्यादा आहे ना" म्हणून निर्धास्त होतात.

म्हणून सहा-सात वर्षांपर्यंत हेडफोन नकोतच. खोलीत स्पीकर वाजू द्या. त्याचा एक फायदा असा की मूल काय ऐकतंय हे तुम्हालाही कळतं, आणि कंटाळून तुम्हीच आवाज कमी करता. पुढे प्रवासात वगैरे हेडफोन द्यावेच लागले तर कानावर बसणारे द्या, कानात खुपसायचे नकोत. मूल हेडफोन लावून बसलेलं असताना हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारा. ऐकू गेली नाही तर आवाज जास्त आहे. रस्त्यावर, सायकलवर, शाळेच्या व्हॅनमधून उतरताना हेडफोन नाही म्हणजे नाही, यात सवलत ठेवू नका. स्पीकरचा आवाज मोजायला फोनवर फुकट ॲप मिळतात. ती काटेकोर नसतात, पण मूल बसतं त्या जागी फोन धरून मोजलं की अंदाज येतो. आणि वाढदिवसाला कोणी आणून दिलेला, कानाला लावून किंचाळणारा खेळण्यातला फोन असेल तर त्याच्या स्पीकरच्या भोकांवर जाड चिकटपट्टी लावा. देणाऱ्याला कळत नाही, कानाला कळतं.

हुकूम ऐकणाऱ्या स्मार्ट स्पीकरबद्दल हल्ली फार विचारणा होते. मी सुचवणार नाही. त्याला सतत इंटरनेट लागतं आणि तो सतत ऐकत असतो. मुलांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणं राखून ठेवल्याच्या प्रकरणात अ‍ॅमेझॉनने २०२३ मध्ये अमेरिकेत अडीच कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं, ते अलेक्साबाबतच. शिवाय अलेक्साशी बोलायचं तर इंग्रजीत किंवा हिंदीत. बालगीत मराठी आणि मागायचं हिंदीत, हे काही मला पटत नाही.

यंत्र आलं, आता भरायचं काय आणि कसं? दुकानदार ६४ जीबीचं कार्ड गळ्यात मारायला बघतो. घेऊ नका. बरीचशी साधी यंत्रं ३२ जीबीच्या वरचं कार्ड वाचतच नाहीत. साध्या एमपीथ्री गाण्याला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो. म्हणजे चार जीबीच्या जुन्या कार्डावरही साठ-पासष्ट तासांचा मजकूर मावतो. एवढं तर लागणारच नाही. वीस-पंचवीस गाणी आणि चार-पाच गोष्टी, बस. मुलांना तेच ते ऐकायचं असतं, आणि तेच ते ऐकूनच शब्द तोंडात बसतात. गीतरामायणाची छप्पन्न गाणी १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे लोकांनी वर्षभर ऐकली आणि ती पिढी ती गाणी विसरली नाही. महिन्या-दोन महिन्यांनी चार गाणी बदला. मूल मागतं ते मात्र काढू नका, तुम्हाला त्याचा कितीही वीट आलेला असो.

आणि बालगीतंच हवीत असं कोणी सांगितलं? भीमसेन जोशींचा एखादा अभंग भरा, थोडी बासरी, एखादा पोवाडा. 'नाच रे मोरा' १९५३ च्या 'देवबाप्पा' चित्रपटातलं. गदिमांचे शब्द, पुलंचं संगीत, आशाबाईंचा गळा. त्याच्या शेजारी आजकालची संगणकावर ठोकून काढलेली, चिरक्या आवाजातली गाणी लावून बघा. फरक मुलालाही कळतो, फक्त त्याच्या कानावर पडायला हवा.

भरताना दोन-तीन अडचणी हमखास येतात. गाण्यांच्या ॲपमध्ये पैसे भरून उतरवलेली गाणी त्या ॲपबाहेर वाजत नाहीत, त्यामुळे ती कार्डावर जात नाहीत. त्यापेक्षा कपाटातल्या जुन्या सीडी बाहेर काढा आणि ज्याच्याकडे सीडीचा ड्राइव्ह आहे अशा भाच्याला पकडा. स्वस्त यंत्रं गाणी बहुधा नावाच्या नव्हे तर ज्या क्रमाने भरली त्या क्रमाने वाजवतात, म्हणून गाणी एकेक करून, हव्या त्या क्रमाने कॉपी करा. झोपायची गाणी वेगळ्या कार्डावर ठेवा, नाहीतर डोळा लागता लागता पोवाडा सुरू होईल.

तिसरी अडचण आजीच्या गोष्टींची. आजीच्या आवाजातली गोष्ट त्या डब्यात हवीच. चिमणी-कावळ्याची, म्हातारी आणि भोपळ्याची, तुमच्या घरात जी चालते ती. पण फोनवर मुद्रित केलेली फाइल किंवा व्हॉट्सॲपवर आलेला व्हॉइस मेसेज या यंत्रांना वाचता येत नाही. संगणकावर तो एमपीथ्रीमध्ये बदलून घ्यावा लागतो. दोन मिनिटांचं काम आहे, न बदलता कार्डावर टाकलात तर यंत्र मुकाट्याने ती फाइल ओलांडून पुढे जातं आणि आपण समजतो कार्ड बिघडलं. आजीला मुद्रणाच्या वेळी पंखा बंद करायला सांगा. गोष्टीत मुलाचं नाव येऊ द्या.

परदेशात असलेल्या मराठी आईबापांना याची गरज आपल्याहून जास्त आहे, कारण तिथे घराबाहेर मराठी कानावर पडत नाही. जर्मनीत निघालेला टोनीबॉक्स किंवा ब्रिटनमधला योटो तिकडच्या घरांत दिसतो. डब्यावर बाहुली ठेवली किंवा फटीत कार्ड सरकवलं की गोष्ट सुरू. तीन वर्षांच्या मुलाला जमतं. महाग आहेत. पण दोन्हींत स्वतःचं मुद्रण भरायची सोय आहे. टोनीच्या कोऱ्या बाहुलीत नव्वद मिनिटं मावतात. तिथल्या बाळाच्या बाहुलीत इंग्रजी गोष्ट विकत घेऊन भरण्याआधी साताऱ्याच्या आजोबांना फोन करा.

बाकी कुठे राहता यावर फारसं काही अवलंबून नाही. येत्या रविवारी कार्ड भरा, मुलाला घेऊन दुकानात जा आणि तिथे बटणांना तुम्ही हात लावू नका. त्याला दाबू द्या. दोन-तीन वेळा दाखवूनही त्याला गाणं लावता आलं नाही, तर यंत्र कितीही छान दिसत असलं तरी परत ठेवा आणि दुसरं मागा.