साथ आली म्हणून विळा बोथट होत नाही

भातकापणी चालू आहे, म्हणून आज बियाणं-खत बाजूला ठेवून जरा वेगळं लिहितो.

मार्च २०२० ला टाळेबंदी लागली, पण शेतीकामाला सूट मिळाली. म्हणजे शहर घरात आणि आपण बांधावर. एक्सप्रेस वेवरची वाहनं कमी झाली, तसे अपघातही कमी झाले. त्यावरून जखमींचा भार हलका झाला असं बरेच जण म्हणायचे. हे रस्त्याचं गणित झालं, शिवाराचं नाही. विळा लागणं, मळणीयंत्रात हात जाणं, घोणस-मण्यार चावणं, पंपाचा शॉक बसणं, यातलं काय टाळेबंदीत थांबतं?

आता गाड्यांचं बघा. १०८ ची सेवा राज्यात २०१४ ला सुरू झाली ती ९३७ गाड्यांवर. त्यातल्या २३३ जास्त साधनांच्या, ७०४ साध्या. साथीत कोरोनाचे पेशंट याच गाड्यांवर आले. नुसत्या फेऱ्या वाढल्या असंही नाही. एक पेशंट सोडला की गाडी आतून हायपोक्लोराइटने पुसायची, डॉक्टर-ड्रायव्हरने किट बदलायचं, मग पुढचा कॉल. त्यात कित्येक दवाखान्यांत दारावरच टेस्टचा रिपोर्ट विचारायचे. मांडीतून रक्त वाहतंय, त्याने रिपोर्टची वाट बघायची?

आपल्या लोधिवलीचं नाव हायवेवरच्या जखमींना माहीत झालं ते इथल्या हॉस्पिटलमुळे. त्याच लोधिवलीत मार्च २०२० मध्ये रिलायन्सने विलगीकरण केंद्र उभं करून जिल्हा प्रशासनाकडे दिलं. चांगलंच केलं, त्यात वाद नाही. पण साथीची सोय वाढवताना जखमींच्या वाट्याचं काय उरतं, हा हिशोब तेव्हा कुठल्या बैठकीत कुणी मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आणि मग ३ जूनला निसर्ग वादळ. रायगडात झाडं, विजेचे खांब आडवे. पत्रे उडाले, ते बसवायला माणसं ओल्या छपरावर चढली. पाऊस तोंडावर, न चढून सांगता कुणाला? कितीतरी गावांत लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही. १०८ हा फोनवर चालणारा उपाय, फोनच मेल्यावर तो नंबर म्हणजे भिंतीवरचं चित्र. आपल्या वाड्यांवरून तर एरवीसुद्धा माणूस झोळीत घालून डांबरीपर्यंत आणावा लागतो.

माझं मत सरळ आहे. पुढची साथ येईल तेव्हा प्रत्येक तालुक्यात किमान एक १०८ फक्त जखमी, सर्पदंश आणि बाळंतपणाला राखून ठेवा. आत कोरोनासारखा पेशंट चढवायचाच नाही. गाडी रिकामी उभी दिसली की तहसीलवर बोंब होईल, होऊ दे. पाण्याचा टँकर आग लागल्यावर शोधत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस किती कुप्या शिल्लक, हे बाहेर फळ्यावर लिहिलेलं असावं.

तोवर आपल्या हातातलं: गावात जीप, पिकअप, इको कुणाकुणाकडे आहे, रात्री कोण उठतो, याची यादी ग्रामपंचायतीत लावा, फोन नसला तरी घर सापडेल अशी. साप चावला तर करकचून बांधू नका, चिरू नका, हात-पाय हलू देऊ नका. अंगठी-बांगडी काढा आणि चावल्याची वेळ लिहून ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात. रस्त्यावरचा जखमी उचलायला घाबरू नका. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे, मोटार वाहन कायद्यातच २०१९ ला तशी दुरुस्ती झालीय.

तुमच्या पंचायतीत गाड्यांची अशी यादी आधीच असेल तर खाली लिहा, आमच्या ग्रामसभेत दाखवायला उपयोगी पडेल.