भाषा आली, भूमिका कोठे आहे?

हाँगकाँगच्या दूरचित्रवाणीवरील कॅन्टोनीज विनोदी मालिकांतून लोकप्रिय झालेल्या नटांत गिल मोहिंदेपॉल सिंग या पंजाबी गृहस्थांची गणना होते. तेथील प्रेक्षकांना हे नाव फारसे ठाऊक नाही. ते त्यांना ‘क्यू-बोबो’ म्हणून ओळखतात. ‘बोबो’ म्हणजे आपल्याकडील ‘बाळ’ किंवा ‘सोन्या’. तुरुंग खात्यातील नोकरीनंतर अभिनयाकडे वळलेल्या या शीख कलावंताने टीव्हीबी या तेथील सर्वांत बलाढ्य वाहिनीवर आपले स्थान निर्माण केले, आणि तेही सहा स्वरांच्या, स्वर चुकला की अर्थच पालटणाऱ्या भाषेत. ही कामगिरी सामान्य नव्हे.

परंतु या यशाचे स्वरूप तपासून पाहिले पाहिजे. प्रेक्षक हसतात ते कशाला? पुष्कळदा संवादातील विनोदाला नव्हे, तर सावळ्या वर्णाचा माणूस अस्खलित कॅन्टोनीज बोलतो या नवलाला. हे नवल जोवर शिल्लक आहे तोवर नटाला काम मिळत राहणार. आणि तोवरच तो पाहुणाही राहणार. ज्या गुणाने दार उघडले, तोच गुण त्याला उंबरठ्यावर थांबवून ठेवतो. सुरक्षारक्षक, मसाल्याचा व्यापारी, गुंड, फार तर भाबडा शेजारी, एवढ्याच परिघात त्याच्या भूमिका फिरतात. विनोदवीर विवेक महबुबानी यांनी 2007 साली चिनी भाषेतील आणि 2008 साली इंग्रजीतील स्पर्धेत ‘हाँगकाँगचा सर्वांत विनोदी माणूस’ हा किताब पटकाविला. ते स्वतःच संहिता लिहीत असल्यामुळे हा नवलाचा खेळ प्रेक्षकांवरच उलटवू शकतात. मालिकेतील नटाला ती मुभा नसते, कारण त्याचे शब्द दुसऱ्याच्या लेखणीतून येतात.

वास्तविक भारतीय माणूस हाँगकाँगला नवखा नाही. 1841 साली ब्रिटिशांनी त्या बेटावर निशाण रोवले तेव्हा त्यांच्याबरोबर हिंदी शिपाई होते. पुढे शीख पोलीस आले, सिंधी व्यापारी आले. मुंबईहून गेलेले पारशी उद्योजक होरमसजी नौरोजी मोदी यांनी हाँगकाँग विद्यापीठाच्या उभारणीसाठी मोठी देणगी दिली; त्यांच्या नावाचा रस्ता कौलूनमध्ये आजही आहे. इतक्या जुन्या सहवासानंतर भारतीयांसाठी रूढ झालेला कॅन्टोनीज शब्द कोणता? ‘आ-चा’, म्हणजे हेटाळणीचाच. तो आपल्या ‘अच्छा’वरून आला असावा, असे मानतात. होकाराचा शब्द शिवी होऊन बसावा, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

2021 च्या जनगणनेनुसार तेथील चौऱ्याहत्तर लाख वस्तीत भारतीय सुमारे बेचाळीस हजार आहेत. वंशभेदाविरुद्धचा कायदा 2008 साली संमत झाला खरा. पण बिगरचिनी मुले अनेक वर्षे ठराविक शाळांतच एकत्र कोंबली जात आणि तेथे त्यांना चिनी लिहिता-वाचता येण्याची फारशी सोय नसे. ती पद्धत 2013 साली मोडली. दुसरी भाषा म्हणून चिनी शिकविण्याची चौकट 2014 साली आली. जेथे शाळाच अशी, तेथे नट निपजावेत कसे? निपजले ते अपवादानेच.

अर्थात दुसऱ्यास नावे ठेवताना आपलेही घर पाहावे. 1958 च्या ‘हावडा ब्रिज’मध्ये चिनी खलनायक रंगविला तो मदन पुरी यांनी. कलकत्त्यात त्या काळी चिनी वस्ती काही थोडीथोडकी नव्हती. धनबादच्या मियांग चँगला लोकांनी ओळखले ते 2007 च्या ‘इंडियन आयडल’मधील हिंदी गाण्यांमुळे, आणि तेव्हाही कौतुकात नवलाचा वाटा मोठा होता. उलट हाँगकाँगमध्ये 2022 साली टीव्हीबीच्या एका मालिकेत चिनी नटीने अंगाला तपकिरी रंग फासून फिलिपिनो मोलकरीण रंगविली, तेव्हा टीकेचे मोहोळ उठले. एवढा बदल नोंदविला पाहिजे.

चित्रपट त्या मानाने पुढे गेला. 2022 च्या ‘द सनी साइड ऑफ द स्ट्रीट’मध्ये पाकिस्तानी निर्वासित कुटुंबातील मुलगा झालेल्या सहल झमान याला 2023 साली हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट नवोदिताचा मान मिळाला. भूमिका मात्र निर्वासिताचीच. गिल यांनी तर अलीकडच्या वर्षांत ब्रिटनची वाट धरली. एखाद्या कॅन्टोनीज मालिकेत भारतीय वंशाची शिक्षिका वर्गात शिरते, फळ्यावर चिनी अक्षरे लिहू लागते आणि वर्गातील कोणालाच त्यात काही विशेष वाटत नाही, असा साधा प्रसंग लिहायला पटकथालेखकाला काही खर्च येत नाही.