खाली उतरायचं कसं?

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एका मित्राने मोबाइल समोर धरला. पांढराशुभ्र गोठलेला समुद्र, मधोमध तेलाचा प्लॅटफॉर्म, आणि बर्फाचा अख्खा पट्टा येऊन त्याच्यावर आपटतोय, चुरा होतोय. "याला म्हणतात इंजिनिअरिंग! नाहीतर आपण, बटणाचा रंग बदलत बसलोय." टेबलावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. (त्या दिवशी खरंच बटणाचा रंग बदलत होतो.)

दोनच दिवसांनी माजलगावकडून चुलत भावाचा फोन. आयटीआय करून वेल्डर झालाय. "दादा, मुंबईच्या पुढं समुद्रात काम आहे म्हणतेत. बार्जवर राहायचं, पैसे बरे आहेत. तू इंजिनिअर आहेस, जाऊ का?" आता मी इंजिनिअर तो कॉम्प्युटरचा, पण गावाकडे हा फरक कुणी धरत नाही. मग शनिवार-रविवार वाचत बसलो, आणि मित्राचा तो व्हिडिओ आणि भावाचा प्रश्न डोक्यात एकमेकांवर आपटले. पुढचं सगळं त्या भडक्यातून लिहिलंय, सांभाळून घ्या.

आधी बर्फाला त्याचं श्रेय देऊन टाकू. ऊस गुडघ्यावर टेकवून मोडायचा तर शाळकरी पोरगंही मोडतं. तोच ऊस चिरडायचा तर चरक लागतो. बर्फाचंही तसंच आहे. वाकवला तर लवकर तुटतो, दाबून चिरडायचा तर प्रचंड जोर लागतो, आणि तो जोर प्लॅटफॉर्मलाच सोसावा लागतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी पाण्याच्या पातळीजवळ भिंतीला उतार देतात किंवा पायांना शंकूचा आकार देतात, म्हणजे बर्फ वर चढतो आणि वाकून मोडतो. उभ्या भिंतीवर मात्र तो चिरडत राहतो, आणि त्या तुटण्याचा ठेका रचनेच्या स्वतःच्या कंपनांशी जुळला तर काही खरं नाही. कॅनडाच्या ब्यूफोर्ट समुद्रात मोलिकपाक नावाचं ठाणं होतं. भलंमोठं पोलादी कडं, पोटात वाळू भरलेली, भिंती जवळजवळ उभ्या. 12 एप्रिल 1986 ला जुन्या जाड बर्फाचा तुकडा त्याला भिडला आणि अख्खं ठाणं असं थरथरलं की आतली वाळू काही भागात चिखलासारखी वागायला लागली. ठाणं वाचलं. पुढे तेच रशियाच्या साखालिन बेटाजवळ नेऊन वापरलं.

साखालिनशी आपलाही संबंध आहे, हे किती जणांना माहीत आहे? ओएनजीसी विदेशने 2001 मध्ये साखालिन-1 प्रकल्पात 20 टक्के वाटा घेतला. साखालिन काही आर्क्टिक वर्तुळात येत नाही, पण हिवाळ्यात तिथला समुद्र गोठतो. तिथलं ओर्लान हे ठाणंही मुळात 1984 मध्ये अलास्काच्या बर्फासाठी बांधलेलं. म्हणजे मित्राच्या व्हिडिओतल्यासारख्या समुद्रातून निघणाऱ्या तेलात भारत सरकारच्या कंपनीचा पैसा आहे. 2022 मध्ये एक्झॉन तिथून बाहेर पडली, आपण थांबलो.

तर ताकदीचं गणित कठीण आहे, पण सुटलेलं आहे. कमी बोललं जातं ते दुसऱ्याच प्रश्नावर: वर आग लागली तर माणूस खाली उतरणार कसा? उघड्या समुद्रात लाइफबोट सोडता येते. घट्ट बर्फावर कदाचित चालत जाता येईल. पण हिवाळ्यात बरेचदा असतो तो तुटका, हलता बर्फ. त्यात बोट चालत नाही आणि माणूसही चालू शकत नाही. त्यात महिनोन्‌महिने अंधार, धुकं, म्हणजे हेलिकॉप्टरचा भरवसा नाही.

थंड पाण्याने हा धडा आधीच दिला होता. 15 फेब्रुवारी 1982 ला न्यूफाउंडलंडजवळ ओशन रेंजर ही तरंगती रिग बुडाली. वादळात कंट्रोल रूमच्या खिडकीची काच फुटली, खारं पाणी पॅनेलवर गेलं, आणि तिथून सगळं बिघडत गेलं. एक लाइफबोट तर मदतीला आलेल्या जहाजाच्या शेजारीपर्यंत पोचली होती, आणि तिथे उलटली. 84 पैकी एकही वाचला नाही. गारठ्यापासून वाचवणारे सूट नव्हते, प्रशिक्षण अपुरं होतं.

"ते थंड देशातलं, आपल्याकडे कुठे बर्फ?" असं म्हणणाऱ्यांनी मुंबई हाय बघावं. मुंबईपासून साधारण 160 किलोमीटर, पाणी कोमट, खोली 75 मीटरच्या आसपास, 1976 पासून तेल निघतंय. 27 जुलै 2005, म्हणजे मुंबई बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, समुद्र सुरक्षा या जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटं कापली. पावसाळी हवा, हेलिकॉप्टर उडेना. म्हणून त्याला प्लॅटफॉर्मवर उतरवायला जहाज जवळ नेलं. जहाज गॅसच्या उभ्या पाइपवर आदळलं आणि आग लागली. दोनेक तासांत मुंबई हाय नॉर्थचा मुख्य प्लॅटफॉर्म समुद्रात गेला, 22 माणसं गेली. एका माणसाला सुखरूप हलवायची धड सोय नव्हती, इथून ही सगळी माळ सुरू होते.

आणि 2021 चा मे. तौक्ते वादळाचे हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून सुरू होते. पी-305 हा कामगारांच्या राहण्याचा बार्ज, त्याला स्वतःचं इंजिनच नाही. 261 माणसं घेऊन तो तिथेच नांगर टाकून राहिला. नांगर तुटले, प्लॅटफॉर्मला धडकला, 17 मे ला बुडाला. सत्तरहून जास्त माणसं गेली. वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितलं की कित्येक तराफे फाटके निघाले. मग चर्चा कशाची? जबाबदार कोण याची. कारण काम एकाचं, कंत्राट दुसऱ्याचं, बार्ज तिसऱ्याचा आणि माणसं चौथ्याने पुरवलेली.

बीडच्या माणसाला ही साखळी समजावून सांगावी लागत नाही. माझे काका-काकू दहा-बारा हंगाम कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात गेले. उचल मुकादमाकडून, ऊस कारखान्याचा, फड शेतकऱ्याचा. फडात बैलगाडी उलटली की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम नशिबाकडे. समुद्रात फक्त पळून जायला रस्ता नाही, एवढाच फरक.

हे सगळं कॅन्टीनमध्ये बोललो तर मित्र म्हणाला, "अरे, पण हे मॅनेजमेंट झालं, इंजिनिअरिंग नाही." नेमकं इथेच माझं भांडण आहे. आपण रात्री रिलीज करतो तेव्हा पहिला प्रश्न काय असतो? फसलं तर मागे कसं यायचं. ते लिहून दिल्याशिवाय कुणी परवानगी देत नाही, आणि तिथे बुडतं काय, तर एखादी वेबसाइट. मग बर्फाचा भार हे इंजिनिअरिंग, आणि 261 माणसांना वादळाआधी किनाऱ्यावर आणणं हे मात्र "मॅनेजमेंट"? वारा किती वेगाचा झाला की बार्ज निघालाच पाहिजे, तो ओढायला टग कुठे उभा असेल, किती तास आधी, हे सगळे आकडेच आहेत. भिंतीच्या जाडीइतकेच ते ड्रॉइंगवर असायला हवेत. ते आकडे नसतील तर डिझाइन अर्धवट आहे, मग भिंत कितीही जाड असो.

देशाला तेल लागतं, मान्य. आपण 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, घरचा प्रत्येक थेंब मोलाचा. पण त्या हिशेबात टगचं भाडं आणि चार दिवस बंद राहिलेलं काम धरत नसाल तर तो थेंब स्वस्त पडतो कारण उरलेले पैसे वेल्डर भरतोय.

भावाला "जाऊ नको" म्हणायचा मला हक्क नाही. त्याच्या घरचं कर्ज मी फेडणार नाहीये. मी त्याला इतकंच सांगितलं की चार गोष्टी विचार. बार्जला इंजिन आहे का? वादळाचा इशारा आला तर माघारी फिरायचं कोण ठरवतं, त्या माणसाचं नाव काय? तराफे शेवटचे कधी तपासले? आणि समुद्रात उतरायचं प्रशिक्षण कोण देणार, कोणाच्या खर्चाने?

परवा त्याचा फोन आला. विचारलं म्हणाला. माणसं पुरवणारा हसला, "बाबा, तुला वेल्डिंग करायचंय का जहाज चालवायचंय?" मग म्हणाला, कळवतो.

अजून कळवलेलं नाही. भाऊ म्हणतोय, तुझ्यामुळं गेलं वाटतं काम.